सांगण्याची वही

सुरुवात दोडक्यापासून झाली.

वेदवती म्हैसूरच्या विजयनगरात एका इंग्रजी शाळेत चौथी 'ब'ची वर्गशिक्षिका होती. बावीस वर्षं शिकवून झाल्यावर तिची अशी समजूत होती की पालक या जातीची आपल्याला पुरती ओळख पटली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्षिणी नावाच्या एका आईचा फोन आला. तिचा शरत दोडका खात नव्हता. वेदवती पुढचं ऐकायला थांबली, पण पुढे काही नव्हतंच. मग तिनं विचारलं की यात मी काय करायचं. वर्षिणीनं सांगितलं की तो घरात कुणाचं ऐकत नाही, फक्त मिसचं ऐकतो, तेव्हा मिसनं वर्गात एकदा सांगून टाकावं.

'हे माझं काम नव्हे' असं म्हणायची वेळ तीच होती. पण वेदवतीचा स्वभाव भिडस्त, आणि दोडक्यावरून कुणाला तोडून बोलायचं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी मुलं दप्तरं भरत असताना ती सहज म्हणाली, "शरत, आज घरी दोडका खायचा." शरत म्हणाला, "येस मिस." आणि त्यानं खाल्ला. एवढंच नाही, दुसऱ्यांदा मागून घेतला, हे वर्षिणीनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिकाम्या ताटलीच्या फोटोसकट जाहीर केलं.

बोट दिलं की हात धरायचा, ही रीत सगळीकडेच आहे. चौथी 'ब'च्या पालकांनी खांदासुद्धा सोडला नाही. आठवडाभरात नऊ फोन आले. कुणाच्या मुलीनं डोक्याला तेल लावून घ्यावं, कुणाच्या मुलानं आजीच्या हातातला रिमोट ओढू नये, कुणी दुधात साखर मागू नये. एका बापाला मुलगा बुद्धिबळात सारखा हरवत होता, तर मिसनं त्याला अधूनमधून हरायला सांगावं. एका घरी काचेच्या भांड्यातला मासा मेला होता आणि ते मुलीला सांगायची आई-बापांची छाती होत नव्हती. तेही वेदवतीनं सांगितलं. मुलगी म्हणाली, "ओके मिस," आणि पट्टी शोधायला लागली.

मागण्या डोक्यात राहीनात, तेव्हा वेदवतीनं मागच्या वर्षीचं एक कोरं हजेरीपुस्तक काढलं. डाव्या बाजूला मुलाचं नाव, उजव्या बाजूला काय सांगायचं ते. शेवटची घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं ती पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवायची आणि वाचायची. मुलं या पुस्तकाला 'सांगण्याची वही' म्हणायला लागली. ज्याचं नाव येत नसे तो हिरमुसला होई.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच म्हटल्या तर निदान त्या नीट भाजाव्यात, असं तिचं मत होतं. म्हणून एकदा एका आईनं हेल्मेटचं सांगितलं तेव्हा तिनं ते सगळ्या वर्गालाच सांगून टाकलं, की हेल्मेटशिवाय दुचाकीवर बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा मुलं उशिरा आली. एक बाप मुलाच्या मागोमाग स्कूटर ढकलत फाटकापर्यंत आला होता. मुख्याध्यापिकेनं वेदवतीला बोलावून घेतलं, दार लावून घेतलं, आणि विचारलं की माझा दहावीतला मुलगा सकाळी उठत नाही, त्याला तुम्ही जरा सांगाल का.

मग ऑगस्टमध्ये चूक झाली. वेदवतीला त्या दिवशी ताप होता आणि वाचताना तिचं बोट एक ओळ खाली सरकलं. सगळ्यांना दुसऱ्याचंच सांगणं गेलं. जो काडीपैलवान होता त्याला रात्री एकच चपाती खायला सांगितलं गेलं, जो गुबगुबीत होता त्याला चार. वर्गात एक मुलगी अशी होती की विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे, आणि तिची आई त्यासाठीच रडकुंडीला आली होती. तिला वेदवतीनं सांगितलं की जरा कमी बोलत जा. ती मुलगी तीन दिवस खुणा करत होती. कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. एकाही मुलानं विचारलं नाही की मिस, हे असं का.

या गोष्टीनं मात्र वेदवती घाबरली. मुलं ऐकतात हे बरं आहे, पण ती काहीही ऐकतात हे काही बरं नव्हे. सप्टेंबरच्या पालकसभेत तिनं उभं राहून सांगितलं की आजपासून पाठ्यपुस्तकात नाही ते मी सांगणार नाही. आपापल्या घरचं आपापल्या घरी सांगावं. वही तिनं कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला वाटलं, हे बाकीच्यांना उद्देशून आहे.

त्याच दुपारी गुंडूराव आले. शिवरामपेठेत त्यांचं तीन पिढ्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि त्यांची पूजिता वेदवतीच्या वर्गात होती. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. ते मराठीतच बोलले, कारण वेदवतीच्या घरीही मराठी बोलतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि मराठीत मागितलेलं कुणी नाकारत नाही असा त्यांचा समज असावा. पुढच्या शुक्रवारी शाळेच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात पूजिताचा नाच होता. गुंडूरावांनी तिच्यासाठी मोरपंखी रेशमाचा लंगा, म्हणजे परकर, शिवला होता आणि त्यावर फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज. पूजिता तो घालायला तयार नव्हती. तिला मॉलमधला पाहिजे होता, बाकीच्या मुलींसारखा.

"सगळ्या गावाचे ब्लाऊज मी शिवतो, नोडी, बघा मिस," गुंडूराव म्हणाले. "माझीच मुलगी माझ्या हातचं घालत नाही. तुम्ही एक शब्द सांगा की. तुम्ही आपले लोक, म्हणून आलो."

वेदवतीला वाईट वाटलं. पण सकाळी सांगितलेलं दुपारी मोडलं तर उद्या पुन्हा दोडका दारात उभा राहणार. तिनं नम्रपणे सांगितलं की मी हे आता बंद केलंय, एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागेल. गुंडूरावांनी मान डोलावली. ते म्हणाले, "आयतु मिस," आणि मोजपट्टी गळ्याभोवती सारखी करत निघून गेले.

वेदवती समाधानानं घरी आली. हे समाधान फाटकापर्यंत टिकलं.

फाटकात अण्णांची स्कूटर उभी होती. अण्णा म्हणजे तिचे वडील, तिरुमलराव. वय चौऱ्याहत्तर, वीज खात्यातून निवृत्त, आई गेल्यापासून लेकीकडे राहायला. अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. त्यांना समोरचं स्वच्छ दिसे, पण दोन्ही बाजूंचं दिसत नसे. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की गाडी बंद. अण्णा म्हणाले होते, मी समोरच तर जातो. आणि ते रोज सकाळी स्कूटर काढून देवराज मार्केटात विड्याची पानं आणि तुळस आणायला जात. दोन्ही गोष्टी घराच्या कोपऱ्यावर मिळत. कोपऱ्यावरची पानं जाड असतात, असं अण्णांचं म्हणणं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. अडतीस मुलांना दोडका, दूध आणि हेल्मेट पटवणाऱ्या बाईला आपल्या एका बापाला गाडी सोडायला लावता येत नव्हतं. तिनं रडून पाहिलं होतं. किल्ली लपवून पाहिली होती, तर अण्णा स्कूटर काढता येईना म्हणून रिक्षानं मार्केटात गेले आणि किल्लीवाल्यालाच घरी आणून दुसरी करून घेतली. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणे, तू तिथे आहेस, तू बघ. नवरा विजयेंद्र हासनच्या बँकेतून एक शनिवार सोडून एका शनिवारी येई. तो म्हणे, जावयानं सासऱ्याला काय सांगायचं. आणि अण्णा सगळ्यांचं ऐकून घेऊन एकच म्हणत, "मला सांगणारा या जगात एकच माणूस, शेषगिरी मेष्ट्रु. बाकी सगळी बडबड."

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. अण्णांना पाचवीत शिकवलेले शेषगिरी मास्तर सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि कृष्णमूर्तिपुरमात एकटे राहत. अण्णा दरवर्षी गुरुपौर्णिमेला फळं घेऊन त्यांच्याकडे जात.

त्या दिवशी वेदवती स्कूटरजवळून जाताना थांबली. डाव्या ब्रेकला एक गुलाबी पाण्याची बाटली लटकत होती. लहान मुलाची, गळ्यात अडकवायची, पट्टा तुटलेला.

तिनं अण्णांना विचारलं, ही कुणाची. अण्णांनी बाटली डोळ्यांसमोर धरून पाहिली आणि म्हणाले की कुणीतरी ठेवली असेल. वेदवतीनं विचारलं की चालत्या गाडीवर कोण ठेवील. अण्णा म्हणाले की मार्केटात गर्दी फार असते.

बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर नाव होतं, इयत्ता दुसरी, आणि एका दुसऱ्याच शाळेचा फोन नंबर. वेदवतीनं फोन करून आपण शिक्षिका आहोत आणि बाटली सापडलीय असं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली की मुलगी ठीक आहे, रस्त्याच्या कडेनं चालली होती, एक स्कूटर घासून गेली, मानेला जरासं खरचटलंय. बाटलीसाठी मात्र फार रडली. स्कूटरवाला थांबलासुद्धा नाही, मिस, काय माणसं असतात. वेदवती म्हणाली, हो ना. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मोरीत पाणी सोडून उभी राहिली. ही मुलगी वीतभर आत असती तर काय झालं असतं, हे तिला दिसत होतं. अण्णांना ते कधीच दिसलं नसतं, आणि हेच तिला सहन होईना.

शनिवारी अर्धी शाळा. ती जेवायला घरी न जाता तशीच कृष्णमूर्तिपुरमला गेली. रिक्षात बसल्यावर तिला कळून चुकलं की आपण नेमकं काय करायला चाललो आहोत. वर्षिणीनं जे केलं तेच. फरक इतकाच की शरत नऊ वर्षांचा होता.

मास्तरांच्या घरात करपलेल्या दुधाचा वास भरला होता. मास्तरांनी दार उघडलं, तिला ओळखलं, बसवलं, आणि मग आत जाऊन काळं पातेलं बाहेर आणून अंगणात पालथं घातलं. तिथे आधीची दोन पातेली होतीच. वेदवतीनं पिशवीतून गुलाबी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिला आपला आवाज ओळखीचा वाटला. पालकसभेनंतर बाकाशी थांबून राहणाऱ्या आयांचा असतो तसा.

मास्तरांनी बाटली हातात घेतली, पट्टा जिथे तुटला होता तिथे अंगठा फिरवला.

"तुझी आजीही अशीच आली होती," ते म्हणाले. "बासष्ट साली. तिरुमल कुक्करहळ्ळीच्या तळ्यात पोहायला जायचा. दोन मुलं बुडाली होती त्या वर्षी. घरात कुणाचं ऐकेना. मग ती माझ्याकडे आली, शाळेत, भर उन्हात. ओंटिकोप्पलपासून चालत. मी तेविसाचा होतो, मला काय सांगायचं तेसुद्धा कळत नव्हतं. मी म्हटलं, तिरुमला, तळ्यात जायचं नाही. तो लगेच हो म्हणाला, सरी सर."

"आणि ऐकलं?"

"परत गेला नाही."

वेदवतीनं पातेल्यांकडे पाहिलं आणि विचारलं की दूध रोज असं होतं का. मास्तर म्हणाले, रोज नाही. त्यांचा मुलगा रघूत्तम बंगळुरात होता. त्याचं म्हणणं, गॅस बंद करा, डबा लावा, नाहीतर इकडे या. मास्तरांनी त्याला उडवून लावलं होतं. दूध तर मी जन्मभर तापवतोय, असं ते त्याला म्हणाले होते. हे वाक्य अण्णांच्या 'मी समोरच तर जातो'चा सख्खा भाऊच होतं, आणि हे मास्तरांच्याही ध्यानात आलं असावं.

"मला सांगणारे सुब्बण्णा मेष्ट्रु होते," ते म्हणाले. "त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. आता मला कोण सांगणार, सांग."

मास्तरांनी बाटली तिला परत दिली आणि सांगितलं की उद्या दहा वाजता त्याला घेऊन ये, मी बोलावलंय म्हण. आणखी काही बोलू नकोस.

रविवारी सकाळी वेदवतीनं रिक्षा बोलवायचं नाव काढलं, तर अण्णा म्हणाले की मेष्ट्रुंकडे मी रिक्षानं जायला काय आजारी आहे? तू रिक्षानं ये, मी गाडीवर येतो. त्यांना एकट्याला सोडण्यापेक्षा मागे बसलेलं बरं, असा विचार करून ती मागे बसली. शहाणपणाचा हा विचार नव्हता, पण दुसरा सुचला नाही. सगळ्या वाटेवर ती त्यांच्या कानात बोलत होती. डावीकडे रिक्षा आहे. उजवीकडून बस. अण्णा दर वेळी म्हणत, "दिसतंय गं." बल्लाळ सर्कलजवळ एक सायकलवाला त्यांच्या डाव्या गुडघ्याला चिकटून दोन मिनिटं चालला होता. वेदवती गप्प राहिली, अण्णांना तो दिसतो का हे पाहायला. अण्णा समोर बघत होते आणि रस्ता आज कसा मोकळा आहे असं सांगत होते. तिनं सायकलवाल्याला हातानं दूर व्हायची खूण केली.

मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अण्णांनी पेरूच्या झाडाखाली स्कूटर लावली, वाकून नमस्कार केला आणि हात बांधून उभे राहिले. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण ते बसले नाहीत. वेदवतीनं आपल्या बापाला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे दोन्ही कान उन्हात लाल झाले होते.

"गाडीवर आलास?" मास्तरांनी विचारलं.

"हो सर."

"किल्ली दे."

अण्णांनी किल्ली दिली. मास्तरांनी हात तसाच पुढे ठेवला. अण्णा क्षणभर घुटमळले आणि मग त्यांनी आतल्या खिशातून दुसरी किल्लीही काढून दिली. मास्तरांनी दोन्ही किल्ल्या खडूच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"गाडी बंद. उद्यापासून रोज नऊ वाजता बसनं इथे यायचं. माझं दूध उतू जातं. तापेपर्यंत समोर उभं राहायचं, गॅस बंद करायचा, मग पेपर वाचून दाखवायचा. समोरचं दिसतं ना तुला?"

"दिसतं सर."

"दूध समोरच असतं."

"सरी सर," अण्णा म्हणाले.

सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. वेदवतीला आणि दोन डॉक्टरांना सहा महिने डोकं फोडून जे जमलं नाही, ते एका वाक्यात झालं. तिला आनंद झाला, आणि आनंदाच्या खाली जरा रागही आला. आपला बाप आपलं ऐकत नाही हे माणूस समजून घेतो. पण दुसऱ्याचं इतकं पटकन ऐकलेलं पाहिलं की लागतं. शाळेत फोन करणाऱ्या आयांचं काय होत असेल हे तिला पहिल्यांदाच कळलं.

स्कूटर पेरूखालीच राहिली. दोघं चालत बसथांब्यावर आले आणि बाकावर बसले. अण्णा रिकाम्या खिशावरून हात फिरवत होते. वेदवतीला वाटलं, त्यांचा फार अपमान झाला.

"काल शनिवारी तू जेवायला उशिरा आलीस," अण्णा समोर बघत म्हणाले. "साडीला करपलेल्या दुधाचा वास होता."

वेदवतीनं पदर नाकाशी नेऊन पाहिला.

"आज इथे आलो, तोच वास. मेष्ट्रुंना माझ्या डोळ्यांचं कोण सांगणार, तूच. दहा वर्षांचा होतो तेव्हाही मला कळलं होतं. मेष्ट्रु मध्येच तळ्याचं कसं काढतात? घरी आलो तर आईच्या पायाला फोड आले होते. तिला चप्पल नव्हती, वेदा. एकटी कधी गल्लीच्या बाहेर गेली नव्हती ती. लोणी लावत बसली होती आणि मला म्हणते, चुलीचा चटका बसला. तळपायाला चुलीचा चटका."

"म्हणून सोडलंत पोहणं?"

"मग काय करायचं? मेष्ट्रुंना कोण भीत होतं? तेविसाचा पोरगा तो. आई तेवढी चालत गेली होती."

वेदवती म्हणाली, "मी रिक्षानं गेले होते, अण्णा."

"चालेल," अण्णा म्हणाले. "जेवली नव्हतीस ना."

बस डावीकडून आली. अण्णांना ती दिसली नाही, ते अजून समोरच बघत होते. वेदवतीनं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, आणि आज पहिल्यांदा त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

सोमवारी अण्णा साडेआठच्या बसनं कृष्णमूर्तिपुरमला गेले. जाताना त्यांनी नवीन पातेलं नेलं.

शाळेत मधल्या सुट्टीत वेदवतीनं पूजिताला थांबवून घेतलं. काय सांगायचं ते तिनं सकाळपासून घोळवलं होतं. लंगा घाल, असं सांगितलं असतं तर पूजिता 'येस मिस' म्हणाली असती आणि तिनं तो घातला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "पूजिता, परवा तुझे अप्पा माझ्याकडे आले होते. दसऱ्याच्या तोंडावर दुकान बंद करून आले होते. गळ्यातली टेपसुद्धा काढली नव्हती. एवढंच तुला सांगायचं होतं."

"माहीत आहे, मिस," पूजिता म्हणाली. तिचं मराठी घरापुरतंच होतं, ती शब्द जुळवत बोलत होती. "शटरवर पेपर चिकटवून गेले होते. हाफ अवर क्लोज्ड. दसऱ्याला अप्पा जेवायलाही शॉप बंद करत नाहीत. तीन आंटी भांडून गेल्या." ती बुटाच्या टोकानं फरशी उकरत होती. "मी घालणार आहे, मिस. कालच अम्माला सांगितलं. पण..."

"पण काय?"

"त्या स्लीव्ज फार मोठ्या आहेत. फुगा. डान्स करताना कानाला लागतात. मी सांगितलं तर अप्पा म्हणतात, तुला काय समजतं." पूजितानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही एकदा सांगा ना, मिस. तुमचं ऐकतात ते."

वेदवतीनं पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि सांगण्याच्या वहीत नवीन पानावर, डाव्या बाजूला, जिथे मुलाचं नाव लिहायचं असतं तिथे लिहिलं: गुंडूराव. उजव्या बाजूला लिहिलं: बाह्या स्वल्प कमी.

शाळा सुटल्यावर ती शिवरामपेठेकडे निघाली. समोरून रिक्षा येत होती. तिनं हात केला नाही, चालतच गेली.